मोहाडीची मंडई आणि सिनेमाचा पहिला धडा

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी लिहून टाकतोय.

मागच्या दिवाळीत मोहाडीला मामांकडे होतो. मामेभाऊ बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला. जेवता जेवता म्हणाला, "मला सिनेमा शिकायचाय." मामांनी हातातला घास खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. बीटेक झालेला नोकरदार भाचा पोराला समजावेल, असं त्यांना वाटलं असणार. मी समजावलं, पण मामांना.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली म्हणजे आपली झाडीपट्टी. भाऊबीजेपासून इथे गावोगावी मंडई भरते. बाजार, पाहुणे, सोयरिकीच्या गोष्टी, आणि सोबत दंडार, खडी गंमत, नाटक. दंडारीत बायकांची कामंही पुरुषच करतात. खडी गंमत म्हणजे डफ-ढोलकीवर उभ्यानं रंगणारा शाहिरी खेळ. नाटकाचं मोठं केंद्र गडचिरोलीतलं वडसा. तिथल्या मंडळ्या तिकीट लावून रात्रभर प्रयोग करतात. याच रंगभूमीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्याच्या आदल्या वर्षी तृषांत इंगळे यांचा 'झॉलिवूड' आला, तोही याच नाटकवाल्यांवर. म्हणजे दाखवण्यासारखं आपल्याकडे काय आहे, हा मामांचा प्रश्न तिथेच मिटला.

दुसरा प्रश्न शिक्षणाचा. पुण्याची एफटीआयआय १९६० पासून आहे, प्रभात स्टुडिओच्या जागेवर. दिग्दर्शन किंवा संकलन शिकायला कुठल्याही शाखेची पदवी चालते, पण प्रवेशपरीक्षा आणि मुलाखत पार करावी लागते. पदवी पुरी कर, हे मी भावाला बजावलं. मामांना तेवढंच हवं होतं.

मग आम्ही शेजारच्या गावच्या मंडईत गेलो. तिथले शाहीर सत्तरी ओलांडलेले. त्यांची गाणी एका वहीत, तीही एकाच प्रतीत, पानं एकमेकांना चिकटलेली. भावानं आधी त्यांची परवानगी घेतली, मग पानन्‌पानाचे फोटो काढले. शूटिंगला मात्र आम्ही फसलो. चित्र झकास आलं, पण आवाजात नुसता पाळण्यावाल्याचा भोंगा! मोबाईलचा माइक जवळचं-दूरचं सगळंच गोळा करतो. दुसऱ्या दिवशी शाहिरांच्या घरी जाऊन एक मोबाईल चित्रासाठी लांब ठेवला आणि दुसरा फक्त आवाजासाठी त्यांच्या छातीपासून वीतभर अंतरावर. सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे नंतर दोन्ही फाइली जुळवता येतात. पंखा बंद, फोन एअरप्लेन मोडवर. खर्च शून्य.

खरी गंमत सबटायटलमध्ये झाली. झाडीबोलीत 'ण'चा 'न' होतो आणि 'ळ'चा 'र'. शाहीर म्हणाले 'डोरा', ॲपनं लिहिलं 'दोरा'. आता डोळ्यात पाणी आलं म्हणायचं तर दोऱ्यात पाणी आलं! ॲपला दोष काय द्यायचा? ही बोली त्यानं ऐकलीच नसेल. भावानं अकरा मिनिटांच्या फिल्मचे सगळे शब्द हातानं टाइप केले, चार रात्री बसून. प्रवेशाचा अर्ज अजून भरायचाय.

परवा त्यानं मामांना ती दाखवली. मामा चष्मा लावून शेवटपर्यंत बसले. मग एका ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "थो डोरा म्हनते ना बे, तू डोळा काहून लिवला?"