ट्रेल सगळ्यांत दुर्मीळ नसते

दिवाळीत किंवा गणपतीच्या जागरणात तीन पत्ती रंगात आली की कुणीतरी म्हणतंच, “ट्रेल (एकाच किमतीची तीन पानं) सगळ्यांत वर, कारण ती सगळ्यांत कमी वेळा लागते.” गणिताच्या वर्गातही मी हे विधान ऐकलं आहे. ते चूक आहे, आणि ते ताडून बघायला गुणाकार-भागाकार पुरतो.

आधी तीन पानांचे एकूण संच मोजू. पहिलं पान ५२ पैकी कुठलंही, दुसरं ५१ पैकी, तिसरं ५० पैकी. गुणाकार १,३२,६००. पण इस्पिकचा राजा आधी आला की नंतर, याने हातातली पानं बदलत नाहीत. तीन पानांचे क्रम सहा होतात, म्हणून सहाने भागायचं : २२,१००. (क्रम मोजण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त शंभूच्या दहा हातांत दहा आयुधं किती प्रकारे येतील हे विचारलं, उत्तर ३६,२८,८००.)

आता ट्रेल. तीन राजे हवेत, तर चारांतला एक वगळायचा, म्हणजे ४ प्रकार. एक्क्यापासून राजापर्यंत १३ पानांचे मिळून ५२. प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाची तीन सलग पानं, एका रंगात एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत १२ प्रकारे लागतो; चार रंगांचे ४८. म्हणजे खरा दुर्मीळ प्युअर सिक्वेन्स! ट्रेलला वरचा मान खेळाच्या नियमाने दिला आहे, मोजणीने नव्हे.

“जोडी लागेल किंवा नाही लागणार, म्हणजे शक्यता निम्मी” हाही असाच समज. शक्यता दोन आहेत म्हणून त्या समान ठरत नाहीत. समान आहेत ते २२,१०० संच, आणि त्यांत नेमकी जोडी असलेले ३,७४४. टक्केवारी १७ च्या आसपास. याउलट १६,४४० संचांत ना जोडी, ना कलर (तिन्ही पानं एकाच रंगाची), ना सिक्वेन्स. चारांतल्या जवळपास तीन वेळा पानं अशीच रिकामी येतात.

विद्यार्थी मात्र अडखळतात ते वेगळ्याच ठिकाणी. ट्रेलची शक्यता काढताना छेदात १,३२,६०० घेतात, अंशात ५२, आणि उत्तर सहापट लहान येतं. क्रम धरायचा तर दोन्हीकडे धरावा. ५२ ला सहाने गुणलं की हिशोब पुन्हा जुळतो.

शेवटचा समज पैसे लावणाऱ्यांना महागात पडतो : ट्रेलची शक्यता ४२५ त एक, म्हणून ४२५ वाटपांत एकदा ती येणारच. पत्ते दर वेळी नीट पिसले, तर आधीच्या वाटपाचा पुढच्यावर काहीच परिणाम नाही. तेवढ्या वाटपांत एकदा तरी ट्रेल लागण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के आहे. उरलेल्या ३७ टक्क्यांत ४२५ वेळा पानं उचलूनही ती एकदाही दिसत नाही, आणि ४२६ व्या वेळीही तिची शक्यता ४२५ त एकच असते.