पाऊस न अडवणारा गुरू

तेरा वर्षांचा मुलगा थोर जादूगाराचा शिष्य होतो. आता रोज चमत्कार शिकायला मिळणार, अशी त्याची खात्री. गुरू मात्र डोंगरवाटांनी मुकाट चालत राहतो. पाऊस आला तरी मंत्र म्हणून ढग पांगवत नाही; दाट झाड गाठून खाली आडवा होतो आणि पाऊस पडू देतो. शिष्य ओल्या झुडपांत धुमसत बसतो. सामर्थ्य असून वापरायचं नाही, तर ते मिळवायचं कशाला?

उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अर्थसी’ कादंबरीमालेचा जीव या प्रश्नात आहे. कॅलिफोर्नियातल्या एका छोट्या प्रकाशकाने त्यांना जाणत्या मुलांसाठी काही लिहायला सुचवलं. गोष्टींतले जादूगार मर्लिन, गँडाल्फसारखे पिकल्या दाढीचेच असतात. ते पोरवयात कसे होते, विद्या शिकले कुठे, या कुतूहलातून १९६८ साली ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ आली.

सुरुवातीचा तो शिष्य म्हणजे गेड, गाँट बेटावरचा आईविना वाढलेला, बकऱ्या राखणारा मुलगा. ओजियन या मौनी गुरूकडे त्याचा जीव रमत नाही, म्हणून तो रोक बेटावरच्या विद्यालयात जातो. तिथे प्रतिस्पर्ध्याला खाली पाहायला लावण्याच्या ईर्षेने तो मृतात्म्याला बोलावतो आणि त्या वाटेने एक काळी सावली जगात शिरते. ती वाट बुजवताना विद्यालयाचे प्रमुख प्राण गमावतात. पुढे गेड त्या सावलीपासून पळत राहतो. अखेर ओजियनच त्याला सांगतो, उलटा फीर आणि तिचा पाठलाग कर. बालसाहित्यात खलनायक बहुधा बाहेरून येतो. इथे तो नायकाच्या गर्वातून जन्मतो. ती सावली नेमकी कोण, हे वाचकाने स्वतःच गाठावं.

इथल्या जादूचा नियम कडक आहे. प्रत्येक वस्तूचं आदिभाषेत एक खरं नाव असतं. ते कळलं की तिच्यावर सत्ता चालते. म्हणून माणसं आपलं खरं नाव अगदी विश्वासातल्यांनाच सांगतात. पण ती सत्ता वापरली की जगाचा समतोल ढळतो: एका बेटावर पाऊस पाडला, तर दुसरीकडे अवर्षण पडू शकतं. समतोलाच्या या कल्पनेमागे प्राचीन चिनी ताओ विचार आहे. त्या विचाराचा मूळ ग्रंथ ‘ताओ ते चिंग’ची स्वतःची इंग्रजी आवृत्तीही ले ग्विननी १९९७ मध्ये काढली.

गेड तांबूस-सावळा आहे, त्याचा जिवलग मित्र काळा. १९६८ च्या अमेरिकेत हे जाणीवपूर्वक केलेलं होतं. २००४ च्या दूरचित्रवाणी मालिकेने गेडला गोरा केला, तेव्हा ले ग्विननी जाहीर निषेध नोंदवला.

तिसऱ्या पुस्तकानंतर अठरा वर्षांनी, १९९० मध्ये ‘तेहानू’ आलं. रोकच्या विद्यालयात मुली का नाहीत, सत्ता गेलेल्या पुरुषाचं काय उरतं, असे आपल्याच जगाबद्दलचे प्रश्न लेखिकेने त्यात विचारले. गेडची जादू संपलेली आहे आणि गोष्ट आता एका शेतकऱ्याच्या विधवेची, तिने सांभाळलेल्या भाजलेल्या मुलीची आहे. गाजलेल्या मालिकेचा पाया असा उकरून पाहणं फार थोड्यांना जमतं. माझ्या मते मालिकेतलं हेच सर्वांत धाडसी पुस्तक.

पहिली तीन पुस्तकं बारा-तेरा वर्षांच्या मुलांच्या हाती निर्धास्त द्यावीत. ‘तेहानू’त लहान मुलीवरच्या क्रूर अत्याचाराचे पडसाद आहेत, म्हणून ते पुस्तक आईवडिलांनी आधी स्वतः वाचावं.