पहिल्या आठवड्यातला काटा

भात-पोळी कमी केली की पहिल्याच आठवड्यात काटा अनेकदा दीड-दोन किलोंनी खाली येतो आणि घरात आनंदीआनंद होतो. त्यात चरबीचा वाटा मात्र थोडाच असतो. यकृतात आणि स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा राखीव साठा, आधी खर्ची पडतं. त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं, तेही निघून जातं. म्हणूनच रविवारी लग्नाच्या पंगतीत जेवलात की सोमवारी किलोभर वजन परत दिसतं. ती चरबी नव्हे. घाबरून उपाशी राहू नका. शरीरातल्या एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज ५०० कमी घेतल्या, तर ती जायला साधारण पंधरवडा लागतो. आठवड्याला अर्धा किलो, ही माझ्या मते उत्तम चाल. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर जेवण कमी करण्याआधी डॉक्टरांना विचाराच.