वाढप्याचे श्रम व शरीर

‘वाढपी’ ह्या शब्दाने केवळ वाढण्याच्या क्रियेचा बोध होतो. उचलणे, वाहून नेणे, वाकणे आणि तासन्‌तास उभे राहणे ह्या क्रिया त्या शब्दात दिसत नाहीत. वाढप्यास होणाऱ्या इजांचे मूळ मात्र बहुधा त्यांतच असते.

कोल्हापूरच्या खानावळींत वाटी रिकामी होताच तांबडा व पांढरा रस्सा पुन्हा वाढण्याची रीत आहे. मिसळीच्या कटाचेही तसेच. हे आतिथ्य ग्राहकास सुखावते. परंतु प्रत्येक ताटामागे वाढप्याच्या फेऱ्या आणि त्याचे वाकणे वाढविते. हातातील पदार्थ कढत व पातळ असल्यामुळे तेलकट फरशीवर पाय घसरला की भाजण्याचेही भय असते.

पाठीच्या दृष्टीने ओझ्याच्या वजनाइतकेच त्याचे शरीरापासूनचे अंतर महत्त्वाचे होय. पाच किलोग्रॅमचे भांडे कण्यापासून ५० सेंटिमीटर दूर धरले, तर कण्यालगत सुमारे ५ सेंटिमीटरवर असलेल्या स्नायूंना, तरफेच्या न्यायाने, केवळ त्या भांड्यासाठी ५० किलोग्रॅम वजनाइतका जोर लावावा लागतो. तेच भांडे २५ सेंटिमीटरवर आणल्यास हा जोर निम्मा होतो. अमेरिकेतील राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रातही हेच तत्त्व आहे. त्यानुसार सर्व परिस्थिती अनुकूल असता उचलावयाच्या ओझ्याची मर्यादा २३ किलोग्रॅम असून, अंतर २५ वरून ५० सेंटिमीटर झाल्यास ती ११.५ वर येते. हे सूत्र दोन्ही हातांनी, न घसरणाऱ्या जमिनीवर उचलण्यापुरतेच आहे. वाढप्याच्या एका हातात भांडे व दुसऱ्या हातात पळी असते, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे.

ह्यावरील उपाय फारसे खर्चाचे नाहीत. ओझे दोन फेऱ्यांत विभागावे व शरीराशी धरावे. मोठी भांडी ढकलगाडीवरून न्यावीत. मेजांमध्ये इतके अंतर ठेवावे की वाढप्यास ताटाजवळ उभे राहता येईल. सांडलेले तत्काळ पुसावे. गर्दी ओसरल्यावर बसावयास जागा असणे हेही तितकेच आवश्यक आहे. केरळने २०१८ मध्ये व तामिळनाडूने २०२१ मध्ये दुकाने व आस्थापना ह्यांविषयीच्या कायद्यांत दुरुस्ती करून कामगारांच्या बसण्याची सोय मालकांवर बंधनकारक केली.

हात भाजला तर त्यास अपघात म्हणतात. वर्षानुवर्षे झिजलेल्या पाठीस मात्र ‘वय झाले’ एवढेच म्हटले जाते. ही दुसरी इजाही कामाचीच आहे, हे मान्य झाल्याखेरीज तिच्या निवारणास आरंभ होणार नाही.