ज्युलीच्या घरापलीकडचे अँग्लो-इंडियन

1975 साली आलेल्या ‘ज्युली’ या सिनेमाने अँग्लो-इंडियन घर कसं असतं हे आपल्याला कायमचं शिकवून ठेवलं. बाप इंजिन ड्रायव्हर आणि बाटलीच्या आहारी गेलेला, आई विलायतेला जायच्या धोशात, मुलगी फ्रॉकमधली, आणि फ्रॉकमधली म्हणजे जरा सैलच, असं प्रेक्षकाने मनाशी ठरवलेलं. ओमप्रकाश आणि नादिराने कामं झकास केली होती यात वाद नाही. पण ज्या समाजाची घरं भायखळा, इगतपुरी, देवळाली, भुसावळ अशी आपल्या नेहमीच्या रेल्वेमार्गावर होती, त्याच्याबद्दलची आपली माहिती त्या एका सिनेमाच्या पुढे सरकली नाही. तिच्यात नंतर ऐकीव गोष्टींची भर तेवढी पडत गेली. त्यांतल्या काही नीट तपासून पाहण्यासारख्या आहेत.

‘डिसोझा म्हणजे अँग्लो-इंडियनच ना?’

बहुधा नाही. महाराष्ट्रातला हा सगळ्यात पक्का गैरसमज. गोव्यातले बहुतेक कॅथलिक हे धर्मांतर केलेल्या कोकणी कुटुंबांचे वंशज आहेत. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव मिळालं, ते पुढे चालत आलं. आडनाव पोर्तुगीज म्हणून रक्त पोर्तुगीज होत नाही. 1510 मध्ये गोवा घेतल्यावर आफोन्सो द अल्बुकर्कने आपल्या शिपायांना इथल्या बायकांशी लग्नं करायला उत्तेजन दिलं हे खरं, पण त्या लग्नांतून वाढलेला मेस्तिसो वर्ग गोव्यात नेहमी मूठभरच राहिला.

वसई-साष्टीतले ईस्ट इंडियन तर घरात मराठी बोलणारे, इथल्याच मातीतले. त्यांनी हे नाव 1887 मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा घेतलं. घोळ असा की, त्याआधी हेच नाव मिश्रवंशीय लोक स्वतःला लावत. 1830 मध्ये कलकत्त्याच्या जॉन रिकेट्सने लंडनच्या पार्लमेंटपुढे ‘ईस्ट इंडियन’ लोकांचा अर्ज नेला, तो या मिश्रवंशीयांचाच. आणि त्या काळी ‘अँग्लो-इंडियन’ कोण, तर हिंदुस्थानात नोकरीला आलेला अस्सल गोरा साहेब! मिश्रवंशीयांना सरकारदरबारी हे नाव मिळालं ते 1911 च्या जनगणनेत.

उलट्या बाजूने, पेरेरा किंवा डिक्रूझ आडनावाचं घर अँग्लो-इंडियन असू शकतं. आपल्या घटनेतली व्याख्या ‘युरोपीय’ वंश म्हणते, ‘इंग्रज’ वंश नव्हे. बंगालमध्ये तरुणांची एक पिढी हलवून सोडणारा आणि बाविसाव्या वर्षी गेलेला हेन्री डेरोझिओ पोर्तुगीज वळणाच्या नावाचाच होता.

‘अर्धे गोरे, अर्धे देशी’

यातलं ‘अर्धे’ बहुतेक घरांना लागूच पडत नाही. ज्या गोऱ्या शिपायाने किंवा कारकुनाने इथल्या बाईशी संसार मांडला, तो दीड-दोनशे वर्षांपूर्वीचा. त्यानंतर अँग्लो-इंडियन मुलाने अँग्लो-इंडियन मुलीशी लग्न केलं, त्यांच्या मुलांनीही तेच केलं. त्यामुळे आई एका जातकुळीची आणि बाप दुसऱ्या जातकुळीचा, अशी ओढाताण घरात नसे. आईबाप, आजीआजोबा सगळे एकाच समाजाचे. ओढाताण असे ती दाराबाहेर.

माझे मामा भुसावळला रेल्वेत होते. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक अँग्लो-इंडियन गार्ड राहत. त्यांच्या स्वयंपाकघराचा वास मामींना तोंडपाठ. रविवारी नारळाच्या दुधातला पिवळा भात आणि त्यावर ‘बॉल करी’, म्हणजे खिम्याच्या गोळ्यांचा रस्सा. मधल्या वारी चिंच, मिरी, लसूण घातलेलं ‘पेपरवॉटर’. मामी कुंपणावरून विचारायच्या, “काय आंटी, आज सार का?” आंटी म्हणायच्या, “हो ना, सगळ्यांची नाकं बंद झालीत.” त्या सारात इंग्रज किती आणि मद्राशी किती, हा प्रश्न दोघींपैकी कुणालाही पडला नसावा. पदार्थ आंटींच्या आईकडून त्यांना आला होता, एवढं पुरेसं होतं.

पण त्याच घरात दोन मुलगे होते. एक घाऱ्या डोळ्यांचा, लाल गोरा. दुसरा आमच्यापेक्षा सावळा. गोऱ्याला कॉलनीतली पोरं ‘ए इंग्लिश’ म्हणून चिडवायची, सावळ्याला ‘नकली इंग्लिश’ म्हणून. सख्ख्या भावंडांत असा फरक पडणं हे अनेक अँग्लो-इंडियन घरांत ठरलेलं. जगण्याच्या वाटा पुष्कळदा त्या कातडीवरून फुटत. गोरं भावंड हळूच ‘पक्का युरोपियन’ म्हणून वावरू शके, मात्र सावळ्या आईला चारचौघांत ओळख द्यायची नाही, या अटीवर.

या अटीवर सबंध आयुष्य काढलेली बाई मुंबईत जन्मलेली होती. मर्ल ओबेरॉन, जन्म 1911. कलकत्त्यात वाढली, 1928 मध्ये इंग्लंडला गेली, पुढे हॉलीवूडची तारका झाली. ‘द डार्क एंजल’साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या ऑस्करचं नामांकन तिला मिळालं. आशियाई वंशाच्या अभिनेत्रीला मिळालेलं ते पहिलंच नामांकन, पण हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. आपला जन्म टास्मानियातला, असं ती सांगत राहिली. जिने तिला वाढवलं ती सावळी बाई तिच्या घरी राहायची. पाहुण्यांना वाटे, मोलकरीण आहे. 1979 मध्ये मर्ल वारली आणि खरी हकिकत नंतर बाहेर आली. तिला लबाड ठरवणं सोपं आहे, पण त्या काळच्या हॉलीवूडमध्ये गोऱ्या आणि अन्य वंशीय पात्रांचा प्रणय पडद्यावर दाखवायलाच मनाई होती. खरं सांगितलं असतं तर तिला नायिकेच्या भूमिका मिळाल्या नसत्या.

‘इंग्रजांचे लाडके’

लाड कसले! ईस्ट इंडिया कंपनीने आपल्याच शिपायांच्या पोरांना एकेक दार लावून घेतलं. 1786 मध्ये कलकत्त्याच्या अनाथालयातल्या मिश्रवंशीय मुलांना शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवणं बंद झालं. 1791 मध्ये आईबापांपैकी एक जण हिंदुस्थानी असलेल्याला कंपनीच्या मुलकी, लष्करी आणि आरमारी नोकऱ्या बंद झाल्या. 1795 मध्ये दोन्हीकडून युरोपीय नसलेल्यांना फौजेत बँडवाला, ढोलवाला किंवा नालबंद होण्यापुरतीच जागा उरली. कंपनीच्या संचालकांना त्या जागा आपल्या पुतण्या-भाच्यांसाठी हव्या होत्या, हे कारण इतिहासकार देतात. मिश्रवंशीय एकवटले तर उलटतील ही धास्तीही होती.

मग हे तरुण गेले कुठे? पुष्कळसे देशी संस्थानिकांच्या फौजांत, आणि त्यांतले काही थेट मराठ्यांकडे. जेम्स स्किनर हा स्कॉटिश बाप आणि राजपूत आई यांचा मुलगा, जन्म 1778. बापाच्या फौजेत जागा नाही म्हणून तो शिंद्यांच्या कवायती पलटणींत शिरला आणि त्यांच्यासाठी लढला. 1803 मध्ये इंग्रज-मराठे युद्धाला तोंड फुटलं, तशी शिंद्यांच्या फ्रेंच सेनापतीने, पेरॉनने, इंग्रजी रक्ताच्या अधिकाऱ्यांना काढून टाकलं. त्यात स्किनरही गेला. कंपनीला तो पुरेसा इंग्रज नव्हता आणि शिंद्यांच्या छावणीत तो जरा जास्तच इंग्रज ठरला. पुढे इंग्रजांच्या जनरल लेकने त्याला घोडदळ उभारू दिलं. ते ‘स्किनर्स हॉर्स’ आज भारतीय लष्करात चिलखती रेजिमेंट म्हणून उभं आहे.

लाड म्हणतात तो काळ नंतरचा, रेल्वे आणि तारखात्याचा. 1857 नंतर सरकारला मोक्याच्या जागी भरवशाची माणसं हवी होती, म्हणून ड्रायव्हर, गार्ड, स्टेशनमास्तर, तारबाबू यांत अँग्लो-इंडियन भरले गेले. कॉलनीत बंगलीवजा घरं आली, लाकडी फरशीची इन्स्टिट्यूट आली, शनिवारी नाच आणि हाउजी आली. वरच्या अधिकाऱ्याची खुर्ची मात्र विलायतेहून आलेल्यालाच. खालच्या हिंदी कामगाराला हे साहेब वाटत आणि वरच्या साहेबाला हे ‘नेटिव्ह’च. स्वातंत्र्यानंतर घटनेच्या कलम 336 ने रेल्वे, कस्टम आणि पोस्ट-तार खात्यांतल्या त्यांच्या राखीव जागा दर दोन वर्षांनी कमी करत दहा वर्षांत संपवल्या. तोपर्यंत कित्येक घरांत तीन पिढ्यांनी दुसरा धंदाच पाहिला नव्हता.

‘आपल्या शाळा आपल्यापुरत्या ठेवल्या’

इथे तर गोष्ट नेमकी उलटी आहे, आणि ती नाशिकशेजारी घडली. देवळालीची बार्न्स शाळा 1925 मधली, बॉम्बे एज्युकेशन सोसायटीची, मुळात अँग्लो-इंडियन मुलांसाठी काढलेली. 6 जानेवारी 1954 रोजी मुंबई राज्य सरकारने हुकूम काढला की, इंग्रजी माध्यमाच्या वर्गात यापुढे फक्त अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाच्या नागरिकांचीच मुलं घ्यायची. बाकीच्यांनी मातृभाषेत शिकावं, हा हेतू. म्हणजे सरकारच या शाळांभोवती कुंपण घालत होतं. त्याविरुद्ध कोर्टात गेली ती शाळाच, आणि तिच्याबरोबर प्रवेश नाकारलेल्या मुलांचे अँग्लो-इंडियन नसलेले पालक. मुंबई उच्च न्यायालयात सरकार हरलं, आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयातही. भाषेच्या कारणावरून कुणा नागरिकाला अनुदानित शाळेचं दार बंद करता येत नाही, हे कलम 29 वरून न्यायालयाने सांगितलं. शिवाय कलम 337 नुसार, अँग्लो-इंडियन शाळांनी वर्षातले निदान 40 टक्के प्रवेश इतर समाजांना खुले ठेवले तरच त्यांना खास अनुदान मिळणार होतं. मग सरकारच त्यांना ते दार लावायला कसं सांगणार?

मुलांना इंग्रजी माध्यमात घालणाऱ्या आजच्या मराठी पालकांपैकी किती जणांना हा खटला माहीत असेल कोण जाणे.

‘सगळे निघून गेले’

पुष्कळ गेले. 1947 च्या मध्याला ‘मनूरा’ हे जहाज मुंबईहून सुमारे 700 अँग्लो-इंडियनांना घेऊन पश्चिम ऑस्ट्रेलियाला निघालं. गोऱ्यांपुरत्याच राखलेल्या त्या देशातल्या अधिकाऱ्यांना उतारूंमधले सावळे चेहरे पाहून धक्का बसला आणि नियम कडक झाले. इंग्लंडला जायचं तर बापाकडून कुणी इंग्रज पूर्वज होता याचा कागद हवा, म्हणून लोक चर्चच्या बाप्तिस्मा नोंदी धुंडाळू लागले. तिथे खापरपणजोबा सापडत. खापरपणजीच्या जागी मात्र अनेकदा नुसतं बाप्तिस्म्याचं नाव, नाहीतर तेही नाही.

जबलपूरहून पर्थला गेलेल्या पियर्स घराण्यातले पाच भाऊ ऑस्ट्रेलियाकडून हॉकी खेळले. राहिलेल्यांपैकी लेस्ली क्लॉडियस भारताकडून चार ऑलिंपिक खेळला, तीन सुवर्णं आणि एक रौप्य. 1928 मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला भारताने पहिलं हॉकी सुवर्ण जिंकलं, त्या संघातही अँग्लो-इंडियनांचीच संख्या मोठी होती. 1965 च्या युद्धात छोट्या नॅट विमानांतून पाकिस्तानी सेबर पाडणारे ट्रेव्हर आणि डेन्झिल कीलर हे सख्खे भाऊ, दोघांनाही वीरचक्र. देशनिष्ठेचा दाखला कुणाकडे मागायचा नसतो, पण मागितला गेला आणि त्यांनी तो दिला, हेही नोंदवायला हवं.

‘आता 296 उरलेत’

हा आकडा डिसेंबर 2019 मध्ये तत्कालीन कायदामंत्री रविशंकर प्रसाद यांनी 2011 च्या जनगणनेच्या हवाल्याने लोकसभेत सांगितला आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. एकेका शहरातल्या संघटनेचे सभासद याहून जास्त भरतील! जनगणनेच्या फॉर्मवर धर्म विचारतात, मातृभाषा विचारतात. अँग्लो-इंडियन आहात का, असा रकाना नाही. तो आकडा समाजाचा म्हणून वापरायला नको होता. मातृभाषा इंग्रजी सांगणारे त्याच जनगणनेत अडीच लाखांहून जास्त आहेत आणि त्यांत महाराष्ट्र पहिला. पण त्यांत गोवेकर, पारशी, दक्षिण मुंबईतले आणखी कोण कोण येणार, तेव्हा तोही हिशेब चालत नाही.

आकडा चुकीचा, पण निर्णय झालाच. 104 व्या घटनादुरुस्तीने लोकसभेतल्या अँग्लो-इंडियनांसाठीच्या दोन नियुक्त जागा आणि विधानसभांतली नियुक्ती 25 जानेवारी 2020 पासून संपली. नियुक्त खासदारकी असावी का, याबद्दल मतभेद होऊ शकतात. मलाही ती कायमची असावी असं वाटत नाही. पण ती काढताना एक गणती तरी करायची होती.

कलम 366(2) मधली व्याख्या मात्र शाबूत आहे. तिच्यानुसार वडिलांकडून चालत आलेल्या पुरुषपरंपरेत कुणीतरी युरोपीय वंशाचा हवा, आणि माणूस भारतात स्थायिक असलेला, इथे राहणाऱ्या आईबापांच्या पोटी इथेच जन्मलेला हवा. आईकडून हे नातं चालत नाही. ज्या समाजाचा उगमच हिंदुस्थानी आयांपासून झाला, त्याची मोजणी फक्त बापांवरून होते. भुसावळच्या त्या आंटीच्या मुलीने जळगावच्या मराठी मुलाशी लग्न केलं, तिची मुलं व्याख्येबाहेर. सावळा भाऊ ऑस्ट्रेलियात स्थायिक झाला, त्याची मुलं तिथेच जन्मली, म्हणून तीही बाहेर. गोरा भाऊ इथेच राहिला, रेल्वेतून निवृत्त झाला. त्याची बायको मराठी आहे, मुलं घरात मराठी बोलतात, आणि घटनेप्रमाणे त्या घराण्याच्या नव्या पिढीत अँग्लो-इंडियन आहेत ती हीच.