सनावर सन कोरलेलीं नाणीं

कुसगावीं एका स्नेह्यांनीं जादा किंमत देऊन घेतलेला रुपया मजपुढें ठेविला. सनाच्या अंकाखालीं जुना अंक दिसतो, असें त्यांचें म्हणणें. पोथींत चुकल्या अक्षरावर हरताळ लावून नवें लिहीत. तद्वत् टांकसाळींत जुना ठसा वाया जाऊं नये म्हणून त्याच्याच सनावर नवा अंक उमटवीत. असें नाणें ठशाचा इतिहास सांगतें, म्हणून त्यास अधिक मोल योग्यच. परंतु या रुपयावर अंकांसह अक्षरेंही दुहेरी होतीं; अर्थात् ठसा दोनदां पडला, एवढेंच. उलट, मुंबईच्या टांकसाळींत १८६२ सनाचेच रुपये पुढें दहांहून अधिक वर्षें पाडले गेले. त्यांचें खरें वर्ष बारीक टिंबांवरून कळतें. सारांश, मोल पुराव्यास द्यावें, विक्रेत्याच्या शब्दास नव्हे.