फुकटची जागा

मुलांनो, घरच्या मोबाइलमधले ईदचे फोटो बहुधा गूगल कंपनीच्या संगणकांवरही साठवलेले असतात. २०१५ साली कंपनीने 'गूगल फोटोज' ही सोय सुरू केली. फोटो थोडे लहान करून कितीही ठेवा, पैसे पडणार नाहीत, असे तिने सांगितले. २०२० मध्ये दर आठवड्याला २८ अब्ज फोटो व व्हिडिओ जमा होत होते! मग १ जून २०२१ पासून नियम बदलला. नवे फोटो, ईमेल व इतर कागदपत्रे मिळून १५ जीबी जागा फुकट; त्यापुढे भाडे. कंपनीने आधी कळवले होते, जुन्या फोटोंना पैसेही लावले नाहीत, हे खरे. पण निम्मे फोटो इथे, निम्मे तिथे कोण ठेवणार? तुम्ही मात्र गूगलच्याच 'टेकआउट' सोयीने फोटो उतरवून घ्या आणि एक प्रत पेनड्राइव्हवर घरी ठेवा.